पाचगणीचा फारुख आणि रक्तातली खूण

पाचगणीच्या टेबललँडवरून खाली पाहिले, की कृष्णेचे खोरे दिसते. धोम, मेणवली, वाई, आणि वाईहून वर येणारा पसरणीचा घाट. १९५५ साली आठ वर्षांचा एक पारशी मुलगा या गावी आला आणि सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहू लागला. आईवडील होते आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांजिबार बेटावर. बोटीचा प्रवास इतका लांबचा, की प्रत्येक सुट्टीत घरी जाणे शक्यच नसे. मुलाचे नाव फारुख बुलसारा. घराणे मूळचे गुजरातेतल्या बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील बोमी झांजिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा.

शाळेतल्या मुलांनी फारुखचे फ्रेडी केले. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे असल्याने पुढचे दात बाहेर आलेले, त्यावरून चिडवणेही झाले. मुलगा लाजाळू होता, पण मुष्टियुद्धात आणि टेबल टेनिसमध्ये चपळ. गाणे एकदा ऐकले की पियानोवर बसून ते वाजवून दाखवायचा. हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आले आणि त्यांनी घरी पत्र पाठवून पियानोची स्वतंत्र शिकवणी सुचवली. थोडे पैसे जास्त लागणार होते. आईवडिलांनी ते दिले. बाराव्या वर्षी त्याने चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. आपल्याकडे हा भाग आठवणीने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. जगाने ज्याला पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले, त्याचे संगीत सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या सभागृहात सुरू झाले.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. १९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, हिंसाचार झाला आणि बुलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये येऊन राहिले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकले. १९७० मध्ये ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला, १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ आले, आणि पुढची दहा वर्षे हा माणूस जगभरची मैदाने भरवत राहिला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात, त्याने सुमारे वीस मिनिटांत जे केले त्याची चर्चा अजून संपलेली नाही.

त्याच वर्षी, चारच महिने आधी, एक वेगळी गोष्ट घडली होती. २ मार्च १९८५ रोजी अमेरिकेत एचआयव्हीसाठीच्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली. एड्स हा आजार १९८१ मध्ये प्रथम नोंदवला गेला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ल्यूक मॉन्तान्ये आणि फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांच्या गटाने विषाणू वेगळा काढला, १९८४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने तो मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची रीत बसवली आणि त्यातून चाचणी तयार झाली. ब्रिटनमध्ये रक्तपेढ्यांतल्या रक्ताची अशी तपासणी १९८५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. वेम्बलीवर फ्रेडी गात होता, तेव्हा त्याच्या देशात रक्तदात्याच्या बाटलीची नियमित तपासणीही अजून सुरू व्हायची होती.

या चाचणीबद्दल एक गैरसमज तेव्हाही होता आणि आजही आहे. लोकांना वाटते, रक्तात विषाणू सापडला म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह. पण एलायझा नावाची ही चाचणी विषाणू शोधतच नाही. विषाणू शरीरात शिरल्यावर त्याच्याशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे बनवते, ती ही चाचणी शोधते. चोर दिसत नाही, त्याचा माग दिसतो. प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांच्या तळाशी विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यात रुग्णाच्या रक्तातला सिरम टाकतात. प्रतिपिंडे असतील तर ती त्या प्रथिनांना धरून बसतात. बाकीचे धुऊन टाकले जाते. मग प्रतिपिंडांना चिकटणारे दुसरे रसायन घालतात, ज्याला एक विकर जोडलेले असते. शेवटी रंगद्रव्य घातले की वाटीला रंग चढतो. किती रंग चढला म्हणजे पॉझिटिव्ह म्हणायचे, ती रेषा मात्र माणूस आखतो. निसर्गाने ती आखून दिलेली नाही.

सगळी मेख या रेषेत आहे. पहिली चाचणी बनली ती रक्तपेढ्यांसाठी. दूषित बाटली एकही निसटू नये, हा हेतू. म्हणून रेषा खाली ठेवली गेली. संशय आला की बाटली ओतून द्यायची; दहा चांगल्या बाटल्या वाया गेल्या तरी बिघडत नाही. पण तीच चाचणी जेव्हा माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल काही सांगण्यासाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा हिशेब बदलला. बाटलीला भीती वाटत नाही, तिचे लग्न मोडत नाही, तिची नोकरी जात नाही. पहिल्या पिढीच्या चाचण्यांत विषाणू मानवी पेशींमध्ये वाढवून, त्या पेशी फोडून प्रथिने मिळवली जात. त्यात पेशींचे स्वतःचे तुकडेही येत. ज्या बायकांची अनेक बाळंतपणे झाली, ज्यांना पूर्वी रक्त चढवले गेले, त्यांच्या रक्तात परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असू शकतात. ती या तुकड्यांना चिकटत आणि वाटीला रंग चढे. विषाणू नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह.

म्हणून एलायझानंतर दुसरी, अधिक काटेकोर चाचणी करायची असे ठरले. वेस्टर्न ब्लॉट हे तिचे नाव. यात विषाणूची प्रथिने आकारानुसार वेगवेगळी करून एका पट्टीवर पसरतात आणि रुग्णाची प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या प्रथिनांवर बसतात ते पाहतात. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या रेघा उमटल्या तरच निदान पक्के. एखादीच रेघ उमटली तर उत्तर ना हो, ना नाही. काही आठवड्यांनी पुन्हा या, एवढेच सांगता येते.

भारतात हा विषाणू आहे की नाही, हेही याच दोन पायऱ्यांनी कळले, आणि त्यात एका मूळच्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या डॉक्टरीणबाईंचा मोठा वाटा आहे. डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, जन्म आणि वाढ चेन्नईची. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. चेन्नईत एलायझाची सोय नव्हती, म्हणून १९८६ च्या फेब्रुवारीत ते नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. सहा वाट्यांना रंग चढला. तो पाहून कुणी लगेच जाहीर केले नाही. चाचणी पुन्हा झाली, नमुने अमेरिकेत नेऊन वेस्टर्न ब्लॉट झाली, आणि मगच बातमी सरकारला कळवली गेली. इतकी सावधगिरी तेव्हा सगळीकडे पाळली गेली असती तर पुष्कळ घरे वाचली असती.

त्याच १९८६ च्या ९ ऑगस्टला इंग्लंडमध्ये नेबवर्थ येथे क्वीनचा कार्यक्रम झाला. फ्रेडीचा बँडबरोबरचा तो शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला. ऑक्टोबरात ब्रिटिश वर्तमानपत्रांनी बातमी छापली, की फ्रेडी मर्क्युरीने लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या दवाखान्यात एड्ससाठी रक्त तपासून घेतले. बातमी रिपोर्टची नव्हती, फक्त तपासणीची होती. तरीही वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजून घेतले. रक्त तपासायला जाणे हीच जणू कबुली. त्यानंतरच्या काही महिन्यांत एका मुलाखतीत त्याने आपली चाचणी निगेटिव्ह आल्याचे सांगितले. त्याचा जोडीदार जिम हटन याने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, १९८७ च्या एप्रिलअखेर निदान पक्के झाले होते.

या निगेटिव्हवरून चरित्रकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. मुलाखतीतले उत्तर म्हणजे प्रयोगशाळेचा कागद नव्हे, हे त्यांतले काहीजण विसरतात. दारात उभ्या असलेल्या वार्ताहराला आजाऱ्याने खरे सांगावे, असे कोणत्याही वैद्यकशास्त्राने म्हटलेले नाही. पण निगेटिव्ह या शब्दाचा अर्थ मात्र समजून घ्यायला हवा. विषाणू शिरल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. त्या काळात रक्तात विषाणू असतो, तो दुसऱ्यालाही लागू शकतो, पण चाचणी निगेटिव्ह येते. याला विंडो पीरियड म्हणतात. सुरुवातीच्या चाचण्यांत तो दोन-अडीच महिन्यांचा, कधी त्याहूनही जास्त असे. पुढच्या पिढीत विषाणूची प्रथिने पेशींत न वाढवता कृत्रिमरीत्या बनवली गेली, तेव्हा खोटे पॉझिटिव्ह कमी झाले आणि हा काळही आक्रसला. तिसऱ्या पिढीत तो सुमारे तीन आठवड्यांवर आला. चौथ्या पिढीतली चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ नावाचे प्रथिनही शोधते. तिला साधारण दोन-तीन आठवडे पुरतात. तरीही, धोका घडून गेल्यावर आठवडाभरात आलेला निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून निर्धास्त होऊ नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असेच समुपदेशक सांगतात.

१९८७ मध्ये रिपोर्ट पक्का होऊनही हाती फार काही लागत नसे. झिडोव्हुडिन हे पहिले औषध त्याच वर्षी बाजारात आले, पण एकट्या औषधाला विषाणू लवकर पुरून उरे. फ्रेडीने काम थांबवले नाही. मोन्सेरा काबाये या स्पॅनिश गायिकेबरोबर ‘बार्सिलोना’ झाले, बँडचे ‘द मिरॅकल’ १९८९ मध्ये आणि ‘इन्युएन्डो’ १९९१ मध्ये आले. फेब्रुवारी १९९० मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात तो मंचावर दिसला, अगदी वाळलेला. छायाचित्रकार केन्सिंग्टनमधल्या त्याच्या घराबाहेर पहारा देत. बँडमधल्या सहकाऱ्यांनाही त्याने बऱ्याच उशिरा सांगितले. जिम हटनची स्वतःची चाचणी १९९० मध्ये पॉझिटिव्ह आली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने निवेदन काढून आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. एड्समुळे बळावलेला न्यूमोनिया हे कारण. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. एकापेक्षा जास्त औषधे एकत्र देऊन विषाणूला रोखून धरणारे उपचार १९९६ मध्ये आले, म्हणजे पाच वर्षे उशिरा.

पाचगणीच्या पायथ्याने वाहणारी कृष्णा पुढे कराडवरून सांगलीला जाते. फ्रेडी गेला त्याच्या पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या महिलांबरोबर काम सुरू केले. त्याच वर्षी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. सांगलीतल्या गोकुळनगरच्या बायकांना कुणी शिकवायला जाण्याऐवजी त्याच एकमेकींना शिकवू लागल्या, निरोध वाटू लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ झाली. सक्तीच्या तपासणीला त्यांचा विरोध राहिला. बाहेरच्यांना तो विरोध चुकीचा वाटे. रोग पसरतो आहे तर सगळ्यांना रांगेत उभे करून रक्त का काढू नये, असा सरळ वाटणारा प्रश्न होता. लग्नाआधी वधूवरांची चाचणी सक्तीची करा, ही मागणीही त्याच सुमारास ठिकठिकाणी होऊ लागली.

हा प्रश्न सरळ नाही, हे साध्या गणिताने कळते. समजा, चाचणी उत्तम आहे: शंभरात साडेनव्व्याण्णव वेळा बरोबर, बाधितांतही आणि निरोग्यांतही. आता दहा हजार गर्भवती महिलांची तपासणी केली आणि त्यांच्यात हजारी दोघींना बाधा आहे असे धरले. बाधित वीस, त्या बहुधा सगळ्या सापडतील. उरलेल्या ९,९८० निरोगी. त्यांच्यात अर्धा टक्का चूक म्हणजे सुमारे पन्नास जणी. एकूण सत्तर जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्यातल्या पन्नास जणींना काहीही झालेले नाही. आता तीच चाचणी, तोच तंत्रज्ञ, पण अशा दहा हजारांची तपासणी केली जिथे दहापैकी एकाला बाधा आहे. बाधित हजार, सापडतील ९९५. निरोगी नऊ हजार, चुकीचे पॉझिटिव्ह ४५. इथे पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुतेक वेळा खराच. चाचणीची अचूकता तसूभरही बदललेली नाही. बदलले ते फक्त समोरचे लोक. वधूवरांच्या सरसकट तपासणीत पहिला प्रकार होतो, आणि तिथे एका चुकीच्या कागदावर लग्न मोडते. ज्याला बाधा होऊन दोनच आठवडे झाले आहेत, तो मात्र निगेटिव्ह कागद घेऊन बोहल्यावर चढतो.

उपाय एकच, आणि तो सोपा आहे. त्या सत्तर जणींची दुसऱ्या प्रकारच्या, वेगळी प्रथिने वापरणाऱ्या चाचणीने पुन्हा तपासणी करायची. पन्नास निरोगी बायकांपैकी पुन्हा अर्धा टक्काच चुकतील, म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. तोच किट पुन्हा वापरून मात्र भागत नाही. जी चूक त्याने पहिल्यांदा केली तीच तो दुसऱ्यांदाही करू शकतो. आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत लक्षणे नसलेल्या व्यक्तीला पॉझिटिव्ह म्हणण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. लक्षणे असतील तर दोन. रक्तपेढीत मात्र एकच पुरते. संशय आला की पिशवी बाद. १९८५ मध्ये बाटली आणि माणूस यांच्यात जो गोंधळ झाला होता, तो या नियमाने सुटला. खासगीत एकाच पट्टीवर दोन रेषा पाहून माणसाला घरी पाठवले गेल्याच्या गोष्टी अजून कानावर येतात, तेव्हा हा नियम मुद्दाम आठवावा लागतो. असा कागद हाती आला तर जवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तिथे तपासणी मोफत होते.

रिपोर्ट कुणाला कळावा, याचे उत्तर कायद्याने द्यायला आणखी वेळ लागला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि रिपोर्ट संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, अपवाद मोजकेच. सांगलीतल्या बायका पंचवीस वर्षे जे मागत होत्या, त्यातले बरेचसे त्यात आहे. केन्सिंग्टनच्या घराबाहेर उभ्या राहिलेल्या छायाचित्रकारांना असा कायदा परवडला नसता.

पाचगणीत १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले होते. कोरडी, थंड हवा हेच तेव्हा क्षयावरचे मोठे औषध. फारुख बुलसारा शाळेत होता तेव्हाही ते गावात होते. पुढे ते रेड क्रॉसकडे आले आणि १९९० च्या दशकात तिथे एचआयव्हीबाधितांवर उपचार सुरू झाले. भारतात सरकारी औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. ती नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो, की तो मोजणाऱ्या चाचणीत दिसेनासा होतो. वजन वाढते, माणूस कामावर जातो. मग कधीतरी त्याच्या मनात येते, की आपण बरे झालो असू. तो दुसऱ्या गावात जाऊन, नाव न सांगता, पुन्हा एलायझा करून घेतो. ती पॉझिटिव्हच येते. चाचणी चुकलेली नसते आणि औषधही हरलेले नसते. प्रतिपिंडे जन्मभर रक्तात राहतात आणि एलायझा तीच पाहते. उलट, बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे उतरलेली असतात. बाळ निरोगी असले तरी दीड वर्षापर्यंत त्याची एलायझा पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून काही थेंब रक्त कागदावर टिपून घेतात आणि त्यात प्रतिपिंडे नव्हे, थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधतात. आईला सहा आठवडे थांबावे लागते, आणि शेवटची खात्री बाळ अठरा महिन्यांचे झाल्यावर.